माळ हिरवा झाला, पण कोणाचा?

मागच्या व्याख्यानात आपण न्यायाची कल्पना पाहिली. ते संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, की वाटणीचा न्याय वगैरे पुस्तकात ठीक आहे, पण रोजच्या जगण्यात तो कुठे दिसतो? प्रश्न रास्त आहे. म्हणून आज एकच उदाहरण घेणार आहोत, आणि ते ग्रंथातलं नाही, शिवारातलं आहे. कोरडवाहू मुलखातली उजाड झालेली जमीन पुन्हा उभी कशी राहते, आणि उभी राहिल्यावर ती कोणाची असते, हा आजचा विषय.

आम्ही शेतीतज्ज्ञ नाही, जलतज्ज्ञ तर नाहीच. आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. पण आमचा जन्म दुष्काळी तालुक्यातला, आणि या विषयात आमच्या हातून एक चूक झालेली आहे. ती मध्ये सांगू.

वाळवंटीकरण म्हणजे काय

आधी शब्द स्वच्छ करून घेऊ. 'वाळवंटीकरण' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? राजस्थानातली वाळू उडत उडत आपल्या शेतावर येते आहे, असं काहीतरी. तसं नाही. या विषयावरचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९९४ साली १७ जूनला स्वीकारला गेला. म्हणूनच त्या दिवशी जगभर हा दिवस पाळतात. त्या करारात व्याख्या दिली आहे. कोरड्या, निमकोरड्या आणि कमी ओलाव्याच्या प्रदेशात हवामानातल्या बदलांमुळे आणि माणसाच्या वागण्यामुळे जमिनीचा ऱ्हास होणं, म्हणजे वाळवंटीकरण. बाहेरून वाळवंट चालून येत नाही. जमीन जागच्या जागी आतून खचते.

हा ऱ्हास किती आहे? अहमदाबादच्या 'इस्रो'च्या केंद्राने उपग्रहाच्या मदतीने देशाचा नकाशा केला. २०१८-१९ च्या त्या मोजणीप्रमाणे भारतातली सुमारे ९ कोटी ७८ लाख हेक्टर जमीन ऱ्हास पावते आहे. म्हणजे देशाच्या क्षेत्रफळाचा जवळजवळ ३० टक्के भाग.

आता दुसरा घोटाळा. कोरडी जमीन म्हणजे बिघडलेली जमीन नव्हे. सोलापूर, नगर भागातली माळरानं घ्या. तिथे झाडं कमी, गवत जास्त. तो त्या भूमीचा स्वभावच आहे. माळढोक तिथेच राहिला, लांडगा तिथेच राहतो, धनगरांचे कळप शेकडो वर्षं तिथेच चरत आले. पण महसुलाच्या कागदावर, ज्या जमिनीतून सारा येत नाही ती 'पडीक'. एकदा पडीक म्हटलं की तिचं काहीही करायला आपण मोकळे! खड्डे काढा, बाहेरून आणलेली झाडं लावा, हिरवं झालं म्हणून फोटो काढा. चांगल्या माळावर दाट झाडं लावणं हे सुद्धा जमीन बिघडवणंच आहे. तेव्हा पहिली पायरी ही, की जमीन आजारी आहे का ते आधी तपासावं.

जमीन आजारी कशी पडते

सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला, त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावकडे उतरा, तर पाचशेच्या आसपास. ही पर्जन्यछाया. ती आपण बदलू शकत नाही. पण ऱ्हास नुसत्या कमी पावसाने होत नाही. पडलेला पाऊस जमीन धरून ठेवत नाही, तेव्हा तो होतो.

उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या उतारावर वळवाचा टपोरा थेंब पडतो. गवत असेल तर थेंबाचा मार गवत झेलतं. नसेल तर मातीचे कण फुटतात, बारीक गाळ होतो, तो वरच्या छिद्रांत बसतो आणि जमिनीवर एक पापडी धरते. मग पुढचं पाणी आत मुरत नाही, पळतं. पळताना वरची चार बोटं माती घेऊन जातं. त्या चार बोटांतच कस असतो, कुजलेला पालापाचोळा असतो, गवताचं बी असतं. माती गेली की पुढच्या वर्षी गवत आणखी कमी, म्हणून पाणी आणखी पळतं. हे रहाट एकदा फिरायला लागलं की शेवटी मुरूम उघडा पडतो.

त्यात आपल्याकडे खाली काळा पाषाण. या दगडाला अंगचं पाणी धरता येत नाही. पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि दगडाच्या भेगांत. म्हणजे आपली साठवणीची जागाच मुळात उथळ.

उपाय काय, तर पळणाऱ्या पाण्याला चालायला लावायचं, चालणाऱ्याला थांबवायचं आणि थांबलेल्याला मुरवायचं. याला पाणलोटाचं काम म्हणतात आणि ते माथ्याकडून पायथ्याकडे करायचं असतं. डोंगरावर समान उंचीच्या रेषेत खणलेले समतल चर. उतारावर गवत. ओघळीत दगडांचे छोटे बांध. शेतांना ताली. सगळ्यात शेवटी खाली मातीचा नालाबांध किंवा पाझर तलाव. उलट केलं, खालून सुरुवात केली, तर पहिल्याच पावसात वरचा गाळ येऊन तलाव भरतो.

थोडं गणित करू. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. चारशे मिलिमीटर म्हणजे चाळीस लाख लिटर. हजार हेक्टरच्या गावावर, दुष्काळी म्हणवणाऱ्या गावावर, एका पावसाळ्यात चारशे कोटी लिटर पडतं! त्यातलं बरंचसं वाफ होऊन जाणार, काही वाहून जाणार. पण जे जास्तीचं मुरवता येतं त्यावर गावाचा उन्हाळा ठरतो.

इथपर्यंत सगळं विज्ञान आहे. ते तुम्हाला कोणीही कृषी पदवीधर आमच्यापेक्षा चांगलं सांगेल. आमचा प्रश्न याच्या पुढे सुरू होतो.

वर त्याग, खाली लाभ

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पोपटराव पवार १९८९-९० च्या सुमारास सरपंच झाले. पाऊस चारशेच्या आसपास, डोंगर बोडके, माणसं गाव सोडून चाललेली. पुढे आदर्श गाव योजनेतून काम उभं राहिलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने पाळली. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळीसारखं तहानलेलं पीक घ्यायचं नाही, असं ठरलं. पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि मग पिकं ठरवायची ही शिस्त आली. याचं मोल फार मोठं आहे. उसाला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटर किंवा जास्तच पाणी लागतं. चारशे पडणाऱ्या गावात ऊस लावायचा म्हणजे शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी उपसल्याशिवाय भागतच नाही.

आता चराईबंदी या शब्दापाशी थांबू. कारण आमची चूक तिथली आहे.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आमच्या आजोळच्या गावात असंच काम निघालं. गावाचं नाव सांगत नाही, लहान गाव आहे. ग्रामसभेत चार शब्द सांगायला आम्हाला बोलावलं. प्राध्यापक ना! आम्ही सामूहिक हितावर बोललो, पुढच्या पिढीसाठी थोडा त्याग करावा असं सांगितलं. टाळ्या पडल्या. मग मागे बसलेली एक म्हातारी उठली. तिला सगळं गाव मावशी म्हणायचं, आम्हीही म्हणायचो. जमीन नाही, चार शेळ्या. तिने एवढंच विचारलं, की डोंगर बंद झाला तर शेळ्या कुठे न्यायच्या? आम्ही म्हणालो, मावशी, गवत कापून आणायचं आणि दावणीला घालायचं. त्यावर ती म्हणाली, की दिवसभर गवत कापत बसले तर मजुरीला कधी जाऊ? सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो.

चार-पाच वर्षांनी पुन्हा गेलो. डोंगर खरोखर हिरवा झाला होता. पायथ्याच्या विहिरींना एप्रिलपर्यंत पाणी होतं. कांदा होता, आणि दोन-तीन ठिकाणी ऊसही होता. मावशीच्या शेळ्या पहिल्याच वर्षी विकल्या गेल्या होत्या आणि ती मुलामागे शहरात गेली होती. तिच्या घराला कुलूप. त्या दिवशी आम्हाला कळलं, की सभेत त्यागावर आम्ही बोललो होतो खरं, पण त्याग आमच्या टाळ्या वाजवणाऱ्यांनी केलाच नव्हता. तो उरलेल्यांनी केला.

यात कोणाची दुष्ट बुद्धी नव्हती, हे लक्षात घ्या. ही त्या कामाची रचनाच आहे. चर खणायचे ते वर, गायरानावर, वनाच्या जमिनीवर. तिथे शेळ्या चारणारे कोण? भूमिहीन, धनगर, अल्पभूधारक. पाणी मुरून बाहेर येतं ते खाली. तिथे विहिरी कोणाच्या? ज्यांची जमीन चांगली, सखल, नाल्याकाठची, त्यांच्या. वर त्याग आणि खाली लाभ. उताराने पाणी जसं खाली जातं, तसा फायदाही जातो, जर माणसांनी मुद्दाम वाट बदलली नाही तर. आणि मग ज्याला वाटा नाही तो राखण कशासाठी करील? रात्री कुऱ्हाड चालते, चरात जनावरं शिरतात, आणि दहा वर्षांत डोंगर पुन्हा होता तसा होतो. म्हणजे वाटणी चुकली तर जमीनही टिकत नाही. न्यायाचा प्रश्न आपण भलाई म्हणून वरून चिकटवतो आहोत असं नाही. तो त्या बांधाच्या पायातच आहे.

वाट बदलणारे

ही वाट मुद्दाम बदलणारे लोक आपल्या देशात होऊन गेले. दोन उदाहरणं सांगतो.

पहिलं चंदीगडजवळचं, हरियाणातलं सुखोमाजरी. पाऊस आपल्यापेक्षा बराच जास्त, पण शिवालिकच्या टेकड्या उघड्या पडलेल्या. चंदीगडचा सुखना तलाव गाळाने भरायला लागला. शोध घेता घेता माणसं १९७० नंतरच्या दशकात या गावापाशी पोचली, कारण माती इथूनच येत होती. मृदसंधारणाचे शास्त्रज्ञ पी. आर. मिश्रा यांनी तिथे लहान मातीचं धरण बांधलं. टेकडीवर चराई थांबवायला गाव तयार झालं, पण कशाच्या बदल्यात? धरणाच्या पाण्यात प्रत्येक कुटुंबाला सारखा वाटा. जमीन असो वा नसो. ज्याला जमीन नाही त्याने आपला वाटा दुसऱ्याला विकावा. आता टेकडी राखणं हे प्रत्येकाच्या पोटाचं काम झालं. तारेचं कुंपण लागलं नाही. माणसांचंच कुंपण झालं.

दुसरं उदाहरण आपलं, पुरंदर तालुक्यातलं. १९७२ च्या दुष्काळात आम्ही एम.ए.ला होतो. रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी माणसं, पोरं सावलीला गोणपाटावर टाकलेली, हे ज्यांनी पाहिलं ते विसरलेले नाहीत. पुण्याचे अभियंते आणि उद्योजक विलासराव साळुंखे यांनीही ते पाहिलं. नायगावात देवस्थानची सुमारे चाळीस एकर माळजमीन कराराने घेऊन त्यांनी ती बांधबंदिस्तीने उभी केली आणि दाखवलं की कमी पावसातही माणूस तगतो. पण त्यांचं खरं काम त्याच्या पुढचं आहे. ते म्हणजे पाणी पंचायत.

तिचे नियम ऐका. पाणी जमिनीच्या मापाने द्यायचं नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने द्यायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही, तो गटाकडे परत येतो. ऊस लावायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी उचलायचा. वाटप करायला गटाने नेमलेला पाटकरी.

तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून आम्हाला यातलं तिसरं कलम फार मोठं वाटतं. पाणी आणि जमीन यांची गाठ सोडवली! आपल्या मनात ती गाठ इतकी घट्ट आहे, की ज्याची विहीर त्याचं पाणी हे आपल्याला निसर्गनियमासारखं वाटतं. पण पाऊस काही सातबारा बघून पडत नाही. विहिरीत आलेलं पाणी शेजारच्या डोंगरावरून, दहा जणांच्या रानाखालून आलेलं असतं. विहीर तुमची आहे, हे कबूल. पाणी तुमचं कसं?

खरं सांगायचं तर पाणी पंचायतीच्या सगळ्या योजना टिकल्या नाहीत. पण एका नियमाचा आग्रह धरून गावं चालली, हे घडलेलं आहे. अशक्य म्हणून ते उडवून लावता येणार नाही.

आता थोडं देशाबाहेर बघू, कारण हा प्रश्न आपल्यापुरता नाही. आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला नायजर नावाचा देश आहे. तिथे वसाहतीच्या काळापासून कायदा असा, की शेतातलं झाड सुद्धा सरकारचं. मग शेतकरी काय करणार? फुटवा दिसला की उपटायचा. झाड वाढवून दंड कोण ओढवून घेईल? बाहेरून रोपं आणून लावली, ती मेली. १९८० नंतरच्या काळात मरादी भागात टोनी रिनॉदो या ऑस्ट्रेलियन माणसाच्या लक्षात आलं, की तोडलेल्या झाडांच्या मुळ्या जमिनीखाली जिवंत आहेत. त्यांचे निवडक फुटवे राखले, बाकीचे छाटले, की चार-पाच वर्षांत झाड उभं राहतं. हळूहळू अंमलबजावणीही सैल झाली आणि लोक शेतातलं झाड आपलं मानू लागले. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत दक्षिण नायजरमध्ये सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं परत आली. मुळ्या तर आधीपासून होत्याच. अडलं होतं ते मालकीपाशी.

एक आक्षेप

इथे कोणी म्हणेल, की सर, गावाच्या सामाईक गोष्टीचं वाटोळंच होतं, हे सिद्ध झालेलं आहे. गॅरेट हार्डिन या शास्त्रज्ञाने १९६८ साली एक गाजलेला निबंध लिहिला. सर्वांना मोकळं असलेलं कुरण, प्रत्येक जण आपलं एक जनावर वाढवतो, आणि शेवटी कुरण संपतं. म्हणून एक तर खासगी मालकी हवी, नाहीतर सरकारचा बडगा.

यात एक बारीक चूक आहे. हार्डिनचं कुरण सामाईक नाही, ते बेवारस आहे. सामाईक म्हणजे ज्याला नियम आहेत, राखणदार आहे, आणि नियम मोडला तर दंड आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषींनी जगभरची अशी कुरणं, जंगलं, पाटबंधारे तपासले, १९९० साली ग्रंथ लिहिला आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं असं, की जिथे नियम वापरणाऱ्यांनीच केले, जिथे ज्याचं जितकं ओझं तितका त्याचा लाभ, तिथे सामाईक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या टिकली. आपल्याला त्यासाठी परदेशात जायची गरज नाही. धुळ्याकडची पांझरेवरची फड पद्धत शेकडो वर्षं अशीच चालत आली.

'ओझं तितका लाभ' हे सूत्र लिहून ठेवा. मावशीच्या प्रश्नाचं उत्तर त्यात होतं. डोंगर राखल्याने विहिरीला जे जास्तीचं पाणी आलं, त्यातला वाटा तिला द्यायचा. किंवा गवत आधी भूमिहीनांचं, मग बाकीच्यांचं, असं ठरवायचं. किंवा सगळा डोंगर एकदम बंद न करता तिसरा हिस्सा आळीपाळीने बंद ठेवायचा, म्हणजे शेळी विकावी लागत नाही. यातलं काहीही अवघड नव्हतं. त्या सभेत कोणी सुचवलं नाही, कारण आम्ही सगळे हसत होतो.

तुम्ही काय विचारावं

तुमच्यापैकी काहींची गावं दुष्काळी भागात असतील. काही जण श्रमदानाला जात असाल, काही परदेशातून पैसे पाठवत असाल. चांगलं आहे, करत राहा. फक्त पुढच्या वेळी चार प्रश्न विचारा. हा माळ खरोखर बिघडलेला आहे, की त्याचा स्वभावच गवताळ आहे? आज त्यावर कोणाचं पोट चालतं, आणि काम सुरू झाल्यावर त्यांनी काय करायचं? वाढलेलं पाणी कोणाच्या विहिरीत जाणार, आणि ज्याला विहीर नाही त्याचा वाटा किती? पाणी आल्यावर काय पिकवायचं आणि काय नाही, हे कोण ठरवणार? याची उत्तरं चर खणण्याआधी ठरली पाहिजेत. पाणी आल्यानंतर वाटणी कोणी करत नाही. ज्याच्या हाती पाणी लागलं, तो मग नियम ऐकत नाही.

पुढच्या व्याख्यानात आपण हक्क आणि कर्तव्य यांची गाठ पाहू. या विषयावरचे प्रश्न असतील तर जरूर पाठवा. त्यातला एखादा असा असेल, की ऐकून सगळ्यांना हसू येईल. तो आम्ही आधी घेऊ.